मुरलेलं

बूच अर्ध्यात तुटलं.
उरलेलं एव्हारिस्तनं चमच्याच्या दांड्यानं आत ढकललं
आणि बाटलीकडे असं पाहिलं
जसं मी बरणीचं फडकं सोडताना पाहते:
बुरा असला तर?

माथारपाखाडीतलं लाकडी जिन्याचं घर.
ऑक्टोबरची दुपार, पंखा दोनवर.
बाटली लेबनॉनची. तो जहाजावर रेडिओ ऑफिसर होता तेव्हा
बैरूतच्या धक्क्यामागच्या दुकानात घेतलेली,
ज्याच्या एका भिंतीला गोळ्यांची भोकं होती
आणि दुसऱ्या भिंतीला कॅलेंडर.
लेबलावरच्या सालाचे शेवटचे दोन आकडे कसरीनं खाल्लेत.
द्राक्षांची नावं उरली आहेत, ओबैदे आणि मेरवाह,
एका आळीत राहून न बोलणाऱ्या बहिणींची असावीत तशी.

पांढरी वाइन, असं म्हणाला होता.
चक्क्याच्या फडक्यातून गाळली
तर पेल्यात उतरला तिळाच्या तेलाचा रंग.

"गेली ही," मी म्हटलं.
"प्यायल्याशिवाय बोलू नको.
प्यायल्यावर मात्र बोल, बाय. सगळं बोल.
मला दोन वर्षं झाली, कशाचाच वास येत नाही.
तव्यावर बोंबील जळाले तरी शेजारीण येऊन सांगते."

तेव्हा कळलं, बोलावणं मला नव्हतं.
चाळीस वर्षं लोणची घालणाऱ्या माझ्या नाकाला होतं.

पहिला घोट. काहीच नाही, नुसतं गार.
मग जिभेच्या कडांना आंबट,
कैरीचं नव्हे, कोकमाचं नव्हे,
चिंचेचं तर नव्हेच.

"सांग."
"थांब जरा."

जर्दाळू. डब्याच्या तळाशी राहून
चामड्यासारखे झालेले दोनच.
अक्रोडाच्या आतलं ते पातळ साल, तोंड ओढणारं.
नुकतीच विझवलेली मेणबत्ती.
"मध?" त्यानं विचारलं.
आहे, पण गोड नाही.
मध संपल्यावर रिकाम्या बरणीला येतो, तो.
"मीठ?"
समुद्राचं नाही. उपासाच्या लिंबाचं,
सात-आठ वर्षांनी काळं पडलेलं,
ज्यात मीठ कुठलं नि लिंबू कुठलं, विचारू नये.

त्यानं डोळे मिटले, मान किंचित कलती केली.
खरखरीतून लांबचं जहाज ऐकताना
अशीच करत असेल.

वाइनवाल्यांकडे यासाठी शब्द असतील पुष्कळ.
माझ्याकडे एकच आहे, आणि तो मी
भिंतीतल्या पाण्यालाही वापरते,
फोडीतल्या मिठालाही,
वकिलीत केस पिकलेल्या माझ्या दिरालाही.
मुरलंय, एव्हारिस्त.
मुंबईच्या उकाड्यात, लोखंडी कपाटात,
कुणी हलवलं नाही, चाखून पाहिलं नाही,
आणि मुरलंय.

लेकीच्या लग्नाला उघडायची होती.
लेकीनं टोरांटोला सह्या केल्या, फोटो पाठवला.
मग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला.
मग रेमेदिन म्हणाली, पुढच्या नाताळात बघू,
आणि तिचा पुढचा नाताळ आला नाही.

"आणखी?" त्यानं विचारलं.
आणखी काही नव्हतं.
"आणखी, इंदू?"
मी पेला ठेवला, बाटलीच उचलली.
लेबलाला नाक लावलं.
डांबराच्या गोळ्या.
त्याखाली गुलाबाची पावडर, स्वस्तातली, गोल डबीतली.
तिच्या साड्यांच्या घडीतून बाटली बाहेर आली होती,
हे त्यानं सांगितलं नव्हतं.
मी सांगितलं. नावानिशी.

तो काही बोलला नाही.
आपला पेला पाण्यासारखा एका दमात प्यायला,
ओठ पुसले, म्हणाला, "गार आहे,"
आणि पंखा तीनवर केला.

निघताना गाळ मला दिला, ओतवत नव्हता त्याला.
घरी येऊन मी त्यात बारा लिंबं घातली, खडे मीठ,
दादरा बांधला.
काय होईल ते होईल.
बरणीवर चिठ्ठी चिकटवली, आणि
साल पूर्ण लिहिलं, चारही आकडे.