लांबी

बावन्नावा मजला. अजून उघडं काँक्रीट,
कडेला प्लास्टिकचे पडदे फडफडतात.
मधोमध हेल्मेट घालून ब्रोनिस्लावा कुलिक,
वय एकाहत्तर, शीतगृहांची कंपनी विकून आलेली,
हातमोजे काढत नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाली होती:
सगळीकडे काच. भिंत म्हणून दिसायला नको.

दिलं मी तसंच.
जमिनीपासून छतापर्यंत अखंड तावदानं,
चौकटी इतक्या बारीक की पोलादाला संकोच वाटावा,
न्हाणीघरालाही काच, कळ दाबली की दुधासारखी होणारी.
पूर्वेला मिशिगन सरोवर,
काही दिवस निळं,
बाकीचे दिवस ते आहे असं नुसतं मानायचं.

ऑक्टोबरात तिने एक खिडकी आणली.
भाड्याच्या ट्रकमधून, घोंगडीत गुंडाळून,
आर्चर अव्हेन्यूवरच्या जुन्या बंगलीतली,
सहा तावदानं, पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले.
झेनॉनने बसवली, म्हणाली.
शहरभर लोकांच्या काचा बसवत हिंडायचा,
आणि घरच्या खिडकीला तीन हिवाळे पुठ्ठा.

मी समजावलं. एवढ्या उंचीवर उघडणारी खिडकी चालत नाही.
वाऱ्याचा दाब, नगरपालिका, विमा.
तिने ऐकून घेतलं,
उशिरा आलेल्या मालाची सबब ऐकावी तसं.
मग एक मोजा काढला,
माझं बोट धरून खालच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं.

लांबी. जवसाच्या तेलातली, आता दगड झालेली.
तिच्यात अंगठा,
ओली असताना दाबलेला,
रेषा न् रेषा शाबूत,
माझ्या अंगठ्याच्या दीडपट रुंद.

माझ्या नकाशांत लांबी पानोपानी आहे,
मिलिमीटरमध्ये.
ही नव्हती.
आमच्या काचा सिलिकॉनने धरतात, यंत्र भरतं,
कुणाचा हात लागत नाही,
लागलाच तर दर मंगळवारी दोरावरून माणूस येतो
पुसायला.

तीन आठवडे खिडकी माझ्या टेबलाला टेकून होती.
भागीदार म्हणाला, आपण घर बांधतोय ना?
कॉफीचे पेले तिच्या चौकटीवर राहू लागले.

शेवटी भिंत काढली.
म्हणजे पाडली नाही, कागदावर काढली. एकच,
स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यामध्ये, जेमतेम सव्वा मीटर.
तिच्यात ती खिडकी,
आतून आतच उघडणारी,
पलीकडे कपबश्यांचं कपाट.

आणि कडेला ठेकेदारासाठी टीप:
खिडकी क्रमांक एक. आहे तशी.
घासू नये. रंगवू नये.
खालचा डावा कोपरा पुसू नये.

ब्रोनिस्लावाने चष्मा लावून दोनदा वाचली,
माझी पेन्सिल मागितली,
खाली वाकड्या अक्षरांत भर घातली:
बिजागरी करकरते. तेल घालू नका.