नग अकरा

पुण्यात समुद्र नाही.
कपाट चार, खालून दुसरा कप्पा,
तिथे ही बाटली.
लेबल पिवळं: उत्तर फिनलंड, तळं,
खोली बेचाळीस मीटर, ऑगस्ट एकाहत्तर, नग अकरा.
बदल्यात आपण पाठवली होती
वेताळ टेकडीच्या खाणीतल्या डबक्यातली कोळंबी, नखाएवढी.
तीही तिकडे उभी असेल कुठल्यातरी फळीवर
पुण्याचं स्पेलिंग चुकवून.

वाकरूळकर सर मंगळवारी येतात,
निवृत्तीला एकोणीस वर्षं झाली तरी, रास्ता पेठेतून चालत.
जन्मभर जवळ्याची भावंडं मोजली त्यांनी,
जिभेला एक लावलं नाही.
"आमच्यात चालत नाही," एवढंच.

बर्फ होता, सर सांगतात, मैल मैल जाडीचा. वितळला.
डोक्यावरची मोळी उतरल्यावर मान वर यावी
तशी जमीन वर आली, सावकाश,
आणि खाडीचं तोंड मिटलं.
समुद्र मागे सरला. ही आतच राहिली.
"त्यांना कळलं असेल, सर?"
"कसं कळणार? वर्षाला चिमूटभर मीठ कमी.
आमटी अळणी झाली हे
कुठल्याच एका पिढीला लागत नाही गं."

एक लेन्सखाली घेतलं.
पाण्यातच विरेल असं अंग,
मोहरीहून लहान डोळे, अजून काळे,
आणि शेपटीच्या पात्यांत एकेक गोल खडा
वर कुठे, खाली कुठे, हे सांगणारा.
पाणी बदललं. खडा तोच.

मग मोजले. दहा.
पुन्हा मोजले. बुचाखाली पाहिलं,
कापूस पिंजून पाहिला.
दहाच.

मी लाल पेन उघडलं.
सर चष्मा पुसत हसले.
"दहा पुरतात. आमच्याकडे प्रार्थनेला दहाच लागतात.
गेल्या शनिवारी आठ होतो.
नववा ससूनमध्ये, प्लास्टरमध्ये पाय.
दहावा अश्दोदला गेला, मुलाकडे.
गॅलरीतून समुद्र दिसतो म्हणे."
थोडं थांबून: "खारा."

खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं, सुरू होईना.

अल्कोहोल किती उरलंय, त्यांनी विचारलं.
सत्तर टक्के करून काठापर्यंत भरलं,
बूच मेणानं बंद केलं.
नोंदवहीत मी अकरा खोडून दहा लिहिलं.
सरांनी वही ओढली, आपल्या बारीक अक्षरात
पुढे जोडलं:
स्थिती चांगली.