रेती

नववी ब, चौथा तास, लाइन गेलेली.
फळ्यावर मी लिहिलं : कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.
विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथवर
ओढलेली सरळ रेघ.
मधली वळणं त्यात धरत नाहीत.

मागच्या बाकावरून कुंजन टेंभुर्णेचा हात वर :
"मॅडम, घरून निघून घरीच वापस आलो तं?"
शून्य, म्हटलं मी.
"म्हंजे दिवसभर काहीच नाही केलं?"
वर्ग हसला. घंटा झाली.
मी खडू हातात तसाच धरून उभी.

कारण माझे बाबा, दशरथ झिबल ढोके,
एकतीस वर्षं रामबागेतून निघाले
आणि रामबागेतच परतले.
अजनीच्या लोको शेडात त्यांचं काम रेतीचं.
कन्हानची ओली रेती भट्टीवर वाळवायची, चाळायची,
बादलीनं इंजिनाच्या पेटीत ओतायची.
इंजिन मग जायचं इटारसीला, बल्लारशाला, भुसावळला.
बाबा डबा उघडायचे.

"लोखंडावर लोखंड, पोरी," ते सांगायचे,
"रूळ ओला झाला का चाक फिरते जागच्या जागी.
ताकद लय, जाणं कुठीच नाही.
मंग डायवर बटन दाबते,
रेती सुटते चाकाखाली,
अन् गाडी रूळ धरते."

आठवीत मी पाठ करत होते : घर्षण गतीला विरोध करते.
बाबांनी शब्दाखाली बोट ठेवत ते वाचलं, दोनदा.
"ज्यानं लिहिलं, त्याची गाडी घाटात अटकली नसन कधी."

पण त्याच माणसानं तान्ह्या पोळ्याला
मला लाकडी बैल करून दिला,
चाकांत भंगारातली बेअरिंगं, तेल पाजलेली.
बाकीच्यांचे बैल कुईकुई करत ओढले जात होते,
माझा दोरीच्या पुढे धावला,
देवळाच्या उतारावर माझ्याच टाचेला धडकला,
दोरी सुटली, आणि शेवटी दुर्गेंच्या नालीत.
एक शिंग गेलं.
मी रडले. बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची
पट्टी चाकांवर चढवली.
"सुटणं सोपं हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून मी म्हटलं,
कुंजन, काल मी अर्धंच सांगितलं.
अजनीचा पूल चढलीस, उतरलीस,
तर पृथ्वीचा हिशेब मिटला :
चढताना घेतलेलं उतरताना परत.
घर्षणाची वही वेगळी.
तिच्यात जाणं लिहितात आणि येणंही लिहितात,
परत येणं वजा होत नाही.
वळणंसुद्धा धरतात. मेडिकल चौकातला खड्डा धरतात.
"मंग ते जाते कुठी, मॅडम?"
उतारावर ब्रेक दाबून खाली उतर,
रबराला बोट लावून बघ.

संध्याकाळी घरी, कूलरच्या ओल्या वाऱ्यात
बाबा पाय पसरून बसलेले.
भिंतीला सायकल, तिचे टायर
माझ्या आजोबांच्या टकलासारखे.
पेडलवरची नक्षी कधीच गेलेली,
उजव्या जास्त, डाव्या कमी.
मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं :
जाऊन-येऊन चार किलोमीटर,
वर्षाला तीनशे दिवस,
गुणिले एकतीस.
सदतीस हजार दोनशे.

बाबा, मी म्हटलं, पृथ्वीचा घेर चाळीस हजार.
अख्खी फेरी व्हायला थोडक्यात राहिलं.

त्यांनी कूलरचं बटन एक घर कमी केलं,
म्हणजे नीट ऐकू यावं.
वही मागितली. चष्मा नव्हता, तरी मागितली.
आकड्यांखालून बोट सरकवत गेले,
हळू,
शेवटच्या शून्यावर थांबले.

"ओव्हरटाइम धरला का?"