दोन ताल

अल रुवैसच्या पुढे रस्ता संपतो,
मग मिठाचा चिखल, पाऊल गिळणारा.
तिथे आमचा मनोरा: तीनशे फूट,
ताणलेल्या तारांच्या भरवशावर उभा,
शमाल सुटला की रात्रभर कण्हणारा.
खाली दोन डिझेल, तीन खोल्या, चार माणसं.

आमच्या स्टेशनचं नाव जांभळं.
लाल एका बेटावर, हिरवं कुठेतरी पलीकडच्या किनाऱ्याला.
मधलं मोठं, त्याला म्हणायचे मास्टर,
आणि आम्हा तिघांना, कागदोपत्री, गुलाम.
हॅलिडेसाहेबाला मी अर्थ विचारला
तेव्हा त्याचे कान तापले.
म्हणाला, कोचरेकर, हा तांत्रिक शब्द आहे.
महिनाअखेर पगाराचं पाकीट उघडून
मीही म्हणायचो, तांत्रिक आहे.

गोडं पाणी आठवड्यातून एकदा, टँकरने.
पहिल्या दोन बादल्या
मनोऱ्याच्या पायातल्या चिनीमातीला.
खार बसला की वीज गळते,
काटा केसभर सरकतो
आणि दूर एखाद्या जहाजाला वाटतं
आपण आहोत तिथे नाही.
मनोरा आंघोळ करी.
आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसायचो.

जहाजं कधी दिसली नाहीत.
आमच्यावरून आपला ठाव काढत ती निघून जात.
तुम्ही कुठे आहात,
असं एकानेही विचारलं नाही.

जानेवारीत एका रात्री धुकं उतरलं.
हात लांब केला तर बोटं सापडेनात.
दारात खमीस नोखदा, अनवाणी.
होडी परतली नव्हती. मुलगा तिच्यात, भाचाही.
त्याने वर बोट केलं, जिथे मनोरा असायला हवा होता:
याला सांग ना. बोलावू दे त्यांना.

काय सांगू?
की हा बोलतो, अखंड बोलतो,
पण ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांच्याशीच,
आणि ती पेटी कंपनी भाड्याने देते?
आत काटा स्थिर होता.
इतका स्थिर की लाज वाटावी.

कुंजप्पनने डिझेलचं रिकामं पिंप लोळवत आणलं.
मी मोठा पाना उचलला.
हातात आला तो शिमग्याचा ठेका,
आमच्या वेंगुर्ल्याकडचा.
त्याने पातेलं धरलं उलटं
आणि सुरू केला त्याच्या देवळातला चेंडा.
जुळेना. मी चढवायचो, तो मध्येच तोडायचा.
नीट वाजव रे, मी ओरडलो.
तोही काहीतरी ओरडला, मल्याळममध्ये.
दुर मोहम्मद कंदील हलवत होता,
जो त्याचा त्यालाच दिसत नव्हता.
खमीस पाण्यात गुडघाभर, गप्प.
साहेब झोपलेला.

चारच्या सुमारास पाण्यातून कोणीतरी शिवी हासडली.
तितकी सुंदर अरबी
मी पुन्हा ऐकली नाही.

पोरगा चहा पिता पिता म्हणाला,
एकच आवाज असता तर भास वाटला असता,
समुद्र काढतो असले आवाज.
पण दोन होते, आणि भांडत होते.
म्हटलं, ही माणसं.
त्या भांडणाच्या बरोबर मध्ये नाक धरलं होडीचं.

सकाळी नोंदवहीत मी लिहिलं:
फेज स्थिर. दृश्यता शून्य. विशेष काही नाही.

पिंप चेपलं म्हणून सात रियाल कापले गेले,
कुंजप्पनचे तीन, माझे चार.
मला एक जास्त का, ते कळलं नाही.
पाना माझ्याकडे होता, म्हणून असेल.