जॅकेटचं विचारलंस म्हणून

कुन्नेई,
मिळालं जॅकेट. निळं, खूप खिशांचं.
टपालाची गाडी नदीपाशी तीन दिवस अडली होती,
बर्फानं पुरतं धरलं नव्हतं म्हणून.
आता धरलंय. आता ट्रकसुद्धा जातात वरून.

आज उणे एकावन्न.
शाळेची घंटा वाजली नाही,
अकुलिनाचा रेडिओ सकाळपासून एकच घोकतोय,
घराबाहेर पडू नका.
गायींना कोण सांगणार?
त्यांना तहान लागते.

मी पहारीनं तळ्यावरचं कालचं भोक पुन्हा फोडतो,
पाण्यातून वाफ निघते
आणि उतारावरून त्या येतात एकीमागून एक,
कासेला सशाच्या कातड्याच्या पिशव्या,
गाठ पाठीवर,
लग्नघरी निघाल्यासारख्या, सावकाश.
एकदा पिशवी बांधायची राहिली होती, आठवतं?
तू नऊ वर्षांची. तांबडीचं एक आचळ काळं पडलं,
आणि तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.
गायीशी बोलायची.
मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

गोठा ऑक्टोबरातच लिंपून घेतला.
शेण, त्यावर शेण, त्यावर पुन्हा शेण;
थंडीनं त्याचा दगड होतो
आणि दगडाआड ऊब बसून राहते.
तरी रोज रात्री फटींवरून बोट फिरवतो,
तिनं शिकवलेलं.
हिवाळ्याचं काम ते काय,
गोठ्यात काही गोठू नये.

घोडे बाहेरच. त्यांना छप्पर सोसत नाही.
पाठीवरचा बर्फ वितळत नाही तोवर ठीक,
आतली ऊब आतच आहे.
वितळू लागला, की माझी झोप गेली.
कुत्र्याच्या पेटीत गवत भरलंय, गोधडी नाही;
गोधडी ओल धरते.
हे तुला माहीत आहे. तरी लिहितो.

परवा रात्री तांबडीची नात व्याली,
दीड महिना आधी, गोठ्याच्या अगदी दाराशी,
जिथं वारा शिरतो तिथंच.
पाडी ओलीचिंब. ओल्याची इथं
बघता बघता काच होते,
कानांची टोकं पहिली जातात.
पोतं शोधायला वेळ नव्हता.
अंगात काय होतं
ते तुझ्या लक्षात आलं असेल.

पुढचे पाय बाह्यांत नीट बसले.
चेन पाठीवर ओढली, पोटाखाली नाळ असते.
टोपीत दोन्ही कान.
इतके खिसे कशाला, मला कळलं नव्हतं;
एकात साखर ठेवली.

आत्ता चुलीशी उभी आहे,
चार पायांवर, चार वेगळ्या मतांनी.
रविवारी फोन करशील,
बाबा, घालून दाखवा म्हणशील,
तेव्हा मी फोन तिच्याकडे वळवीन.
रागावू नकोस.
मापाला थोडं सैल होतंय,
पण वाढेल ती.