उलटा एम

नोंदवहीत मला एवढंच लिहायचं आहे:
मासिक ‘कालवा’, गाइमान, चुबुत नदीचं खोरं.
भाषा वेल्श. अंक एक्क्याऐंशी,
चार गहाळ, दोन उंदरांनी कुरतडलेले.
शेवटचा रकाना: अवस्था.
तिथे मी बहुधा ‘बरी’ लिहिते.

पण छापखान्याची वहीही त्याच पेटीत निघाली.
खिळे ब्युनोस आयर्सहून आलेले, वजनावर घेतलेले,
कुठल्याशा बुडालेल्या स्पॅनिश साप्ताहिकाचे.
स्पॅनिशला डब्ल्यू कशाला लागतोय?
खणात सात होते.
आणि इथल्या वेल्श माणसांचा
वारा डब्ल्यूशिवाय वाहत नाही,
दरी डब्ल्यूशिवाय खोल होत नाही,
पाटाला पाणीसुद्धा येत नाही.

जुळारी होता एवारिस्तो नाउएल्कीर.
त्याला वेल्शचं ओ की ठो कळत नव्हतं.
खिळ्याची खाच तेवढी अंगठ्याला कळायची.
त्याने एम उचलला, पालथा केला, बसवला.
संपादक इथेल प्रूफ धरून बराच वेळ उभा.
मग म्हणाला, छाप.

तेव्हापासून ‘कालव्या’तला वारा
खाली डोकं वर पाय.
दोघांनी वर्गणी परत मागितली.
एका बाईंनी वर्गणीऐवजी चीज पाठवलं,
त्याची पोच सहाव्या अंकात आहे, वजनासकट.

त्रेपन्नावा अंक.
फर्मा आवळून झालेला, शाई कालवलेली,
आणि पहाटे इथेलची आई गेली.

मार्गेद. नावाचं पहिलं अक्षर मोठं,
त्याचा खण वेगळा, ते मिळालं.
पण त्याने लिहून आणलं होतं ते घरातल्या हाकेनं:
माम. अकरा वेळा.
म्हणजे बावीस एम,
आणि खणात तळाची धूळ.
सगळे पालथे पडून वारा झाले होते.

(इथे वहीत काही नाही.
एवारिस्तोचा त्या दिवसाचा रोज मात्र दीडपट लावलाय.)

तिसऱ्या पानावर वादळाची बातमी होती,
कुणाचं छप्पर गेलं, कुणाची मेंढरं.
त्याने फर्मा सैल केला.
चिमट्याने वारा उपटला,
दरी उपटली, पाणी उपटलं,
एकेक सुलट करून
आईत बसवत गेला.
कुणाची आई, हे त्याला विचारावं लागलं नसणार.
इथेल शेजारीच उभा होता, दिवा धरून.

पुढे लिव्हरपूलहून खरे डब्ल्यू आले.
सत्तराव्या अंकापासून छपाई कशी चोख, देखणी.
ते गठ्ठे मी भराभर चाळले.

त्रेपन्नावा अजून समोर आहे.
तिसऱ्या पानावरची बातमी मध्येच तुटते,
खाली चार बोटं कोरी जागा,
तिच्या कडेला शाईचा एक अंगठा.
तपासनीस विचारणारच, मजकूर अपुरा का.
अवस्थेच्या रकान्यात, पेन्सिलीने, मी लिहून ठेवलंय:
वारा पडला.