सात नंबरचा डबा

मेणकापडावर नकाशा पसरलाय लांबेरनं.
चार कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्म्याचं घर,
जॅमची बरणी आणि माझा कप.
त्यात कॉफी आहे अजून,
पण विचारतो कोण.

उद्या एका दिवसात तीन देश.
साडेसहाला गेमेनिखच्या चर्चमागून निघायचं,
चढ चढून तिथवर,
जिथे खांबाभोवती पाय फिरवला की देश बदलतो,
मग फाल्सच्या अंगानं हॉलंडात उतार,
आखेनच्या जंगलात डबा खायचा,
म्हणजे पावाचा. शोधायचे ते वेगळे.

"तीन नाही, चार," लांबेर म्हणतो.
"केल्मिसच्या जस्ताच्या खाणीपुरता
एक चिमुकला देश होता,
त्याचे दगड उभे आहेत अजून रानात."
एलोडी, शेजाऱ्यांची, वय वर्षं बारा,
जीपीएसमधून मान वर न काढता:
"मेलेले देश मोजत नाहीत."
यावर दोघांचं पाऊण तास चालतं.
शेवटी तो अर्धा धरायचं ठरतं.
साडेतीन देश, तेरा डबे.

डबे म्हणजे चहाचे, गोळ्यांचे, फिल्मच्या डब्या,
कुण्या अनोळख्यानं मुळांत, भिंतीच्या भेगेत दडवलेल्या.
उपग्रहाला विचारत विचारत जायचं,
सापडला की आतल्या सुरळीवर सही करायची
आणि होता तसा परत लपवायचा.
बत्तीस वर्षं कस्टममध्ये काढलेल्या माणसाला
हे शेवटचं पचायला वेळ लागला.
सापडलेलं परत ठेवायचं?
पंचनामा नाही? पावती नाही?

"सात नंबर," एलोडी वाचते.
"बीचचं झाड, हद्दीचा दगड.
खूण: कस्टमवाला जिथे कधी वाकला नाही."

लांबेरची पेन्सिल थांबते.
"कुण्या लोणीवाल्याचं कार्टं असणार हे."
आणि मग सुरूच होतो:
हॉलंडचं स्वस्त लोणी, पत्रे ठोकलेल्या गाड्या,
पाठलाग झाला की मागे सांडत जायचे ते तिधारी खिळे,
एका रात्रीत फुटलेली चार टायरं,
तीही सरकारी.

मी एलोडीच्या पिशवीचा बंद शिवते आहे.
सुईत दोरा जात नाही म्हणून मान खाली.

माझ्या कोटाच्या अस्तरात आठ पुडे मावायचे.
एकोणीस वर्षांची मी,
सातव्या महिन्यातल्यासारखी पोट धरून चालायची,
अंगाच्या उबेनं लोणी पाघळायचं,
मांडीवरून ओघळत मोज्यात जायचं.
दिवा दिसला की दगडामागच्या खड्ड्यात.
एकदाच उशीर झाला.
बॅटरीचा झोत आधी तोंडावर, मग पोटावर,
आणि त्यामागून एक कोवळा आवाज:
"जपून जा बाई, दव पडलंय."

दोन वर्षांनी त्याच आवाजानं चर्चमध्ये हो म्हटलं.
पोटाचं काय झालं, त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं
असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

मार्चमध्ये एलोडीनं तो डबा नोंदवला.
टोपणनाव तिचं, खड्डा मी दाखवला.
आत पेन्सिलीचं थोटूक, कागदाची सुरळी
आणि चार घड्या घातलेला लोण्याचा कागद.
रिकामा. पन्नास वर्षांत वास तेवढा गेला.

लांबेर सातच्या पुढे लिहितो: दहा मिनिटं.
"अर्धा तास धर," मी म्हणते. "वाकायचंय तुला तिथं."
तो गुडघ्यांकडे बघतो, मग माझ्याकडे,
जरा जास्तच वेळ.
दहा खोडतो. तीस लिहितो.

परतीची बस सव्वासहाची, ती चुकली तर थेट आठची.
छत्री एक पुरे. पेन्सिली तीन.
"आणि उद्या पावाला काय लावायचं?"
एलोडी विचारते,
अगदी साळसूद चेहऱ्यानं.